टेबलावर बोलायचं नाही

१८ ऑगस्ट, सोमवार

जयाला रिंगखाली ठेवा. रिंगखाली! पाच फूट दहा इंचांची पोरगी जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या अख्ख्या झोनमध्ये दुसरी नाही, आणि अंगद सर तिला लांब उभी करून पास द्यायला लावतात. शोभेला ठेवलीय का तिला?

हे मी त्यांना म्हटलं नाही. कशी म्हणणार? ते खेळाचे सर, मी लायब्ररीतली क्लार्क. शिवाय मी टेबलाची माणूस. चोवीस वर्षं झाली, कॉलेजच्या मैदानावर बास्केटबॉलचा सामना असला की स्कोअरशीट माझ्या हातात. आधीच्या सरांनी अक्षर बरं आहे म्हणून बसवलं होतं — “ताई, आजच्या दिवस फक्त!” तो आजचा दिवस अजून चाललाय. टेबलावर बसलेल्यानं टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, आपल्या पोरींनी हातातला चेंडू घालवला तर कपाळाला हातसुद्धा लावायचा नाही. दोन पेनं, एक कागद आणि तोंड बंद.

म्हणून ही वही. तिथं गिळलेलं सगळं इथं काढायचं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

यंदा आपण झोन जिंकणार.

आमचे हे हसले. दूध संघात जन्मभर दुधाची फॅट तपासली, म्हणून सगळ्या जगाला तेच माप लावतात. म्हणाले, “तुझ्या आशेला फॅट लई, पन दूध कुठाय?” दरवर्षी मी हेच म्हणते असंही म्हणाले. खोटं आहे. मागच्या वर्षी मी फक्त सेमीफायनल म्हटलं होतं, आणि सेमीफायनलला गेलोच की! तिथं नगरच्या पोरींनी बावीसनं धुतलं ही गोष्ट वेगळी. त्या सगळ्यांनाच धुतात. अकरा वर्षं झाली, कप नगरहून हलला नाही.

पण यंदा जया तिसऱ्या वर्षाला आहे, कॅप्टन आहे. आरती आहे — पुणतांब्याची, जेमतेम पाच फुटांची, चेंडू घेऊन पळताना जीभ बाहेर काढते. तिला धरायचं म्हणजे गोठ्यातनं सुटलेलं वासरू धरायचं. आणि मुख्य म्हणजे यंदा झोनचे सामने आपल्या संगमनेरात, आपल्या मैदानावर. नवं सिमेंटचं कोर्ट झालंय, पांढऱ्या रेषा अजून कोऱ्या आहेत. नगरच्या पोरींना म्हणावं, या. चहापाण्याची सोय उत्तम आहे!

९ सप्टेंबर, मंगळवार

अंगद सरांनी आज पुन्हा झोन डिफेन्स लावला, म्हणजे समोरचीला धरायचं सोडून आपापली जागा राखत उभं राहायचं. देव त्यांना बुद्धी देवो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी लायब्ररी रिकामी होती. जया आली. काउंटरवर कोपरं टेकली की ती माझ्या उंचीची होते. म्हणाली, “काकू, बी.पी.एड.ची पुस्तकं हायेत का आपल्याकडं?”

नाहीत. तसं सांगितलं. कशाला हवीत म्हटलं, तर इकडंतिकडं बघितलं आणि मग बोलली. तिला पदवीनंतर बी.पी.एड. करायचंय. शाळेत खेळाची बाई व्हायचंय. घर पाथर्डी तालुक्यात, वडील रखमाजी — ती आबा म्हणते — थोडी कोरडवाहू जमीन, चार शेळ्या. धाकटी बहीण दहावीला. नात्यातल्या सगळ्या पोरींची लग्नं बारावीच्या आत झाली. हिला इथवर शिकू दिलं हेच भावकीला जास्त वाटतं.

“आबा म्हनले, तू खेळती खेळती म्हनतीस, मला काय कळतंय त्यातलं. एक कप आनून दाव. आनला तर पुढं शीक, मी कुनाला भीत न्हाई. न्हाई आनला तर दिवाळीनंतर पाव्हनं येतील.”

मी म्हटलं, हे कसलं गणित गं? खेळात हारजीत असते. त्यावर शिक्षण कसं ठरवतात?

“आबांना दुसरं माप न्हाई ना काकू,” ती म्हणाली. “आन मी व्हय म्हनून बसले.”

तीन वर्षांत ही पोर माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हती. गेली तेव्हा मी उगीच कॅटलॉगच्या पेट्या पुसत बसले. आता माझा कप कपापुरता राहिला नाही. टेबलावर कशी बसणार आहे मी, देव जाणे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाथर्डीकडं पावसानं कहर केलाय. जयाच्या गावच्या ओढ्याला पूर. परवा ती मिळेल त्या गाडीनं घरी गेली. फोन लागत नाही.

आज श्रीरामपूरच्या संघाशी मैत्रीचा सामना होता. जया नाही. एकोणीसनं हरलो. मैत्री कसली! आरती एकटी पळून पळून लाल झाली आणि शेवटी बाकावर बसून रडली. मी शीट भरत होते. माझं माहेर श्रीरामपूरशेजारच्या बेलापूरचं, त्यामुळे त्यांच्या पोरींत निम्म्या माझ्या ओळखीच्या आयांच्या लेकी. एकीनं जाताना पाया पडून आशीर्वाद मागितला. दिला. काय करणार?

२४ सप्टेंबर, बुधवार

जया आली! हातावर खरचटलेलं, आवाज बसलेला. घरी काय परिस्थिती विचारलं तर म्हणाली, “चिखल.” एवढंच. बाजरी आडवी झाली, शेळ्या वाचल्या, हे नंतर आरतीकडून कळलं.

आबांनी आठवडाभर हिला घरी ठेवलं आणि आज स्वतःच रस्त्यावर आणून सोडलं. “जा. तुझं काम तिकडं हाय,” म्हणाले. या माणसाबद्दल माझं मत जरा बदलावं लागणार असं दिसतंय.

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी लवकर गेले, पुस्तकांची मोजणी होती. कोर्टवर जया एकटी. आणि काय करत होती? तीनच्या रेषेबाहेर उभी राहून टाकत होती, जिथनं गेला तर दोनाऐवजी तीन गुण! एक गेला नाही. मी दहा मोजले. नववा तर रिंगलासुद्धा लागला नाही, सरळ पलीकडच्या कडुलिंबात.

अगं बाई, उंची देवानं रिंगखाली उभं राहायला दिलीय. तीनचा टाकायला आरती आहे, तिचं तिला करू दे. तीन वर्षांत हिनं सामन्यात एकदाही बाहेरून टाकलेला मी लिहिलेला नाही. आता शेवटच्या पंधरा दिवसांत काय हे खूळ? आणि अंगद सर कडेला उभे राहून चहा पीत बघतायत. अडवत नाहीत. मला एक दिवस शिट्टी द्या, सगळं सरळ करून दाखवते.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आजचं लिहायलाच हवं.

दरवर्षी खंडेनवमीला पोरी खेळाच्या खोलीत पूजा मांडतात. चेंडू, हवा भरायचा पंप, सरांची शिट्टी, आणि माझ्या मानासाठी स्कोअरशीटचं पॅड आणि दोन पेनं. हळदकुंकू, झेंडूचं फूल. सगळं साफ करून ठेवायचं काम अजिनाथ शिपायाकडे. अजिनाथ माझ्याच वयाचा, सामन्यात माझ्या शेजारी बसून गुणफलकाचे आकडे उलटतो. घरी विळे-कुऱ्हाडी घासून त्यांना तेलाचा हात फिरवतात, तसा त्यानं इथंही फिरवला. पंपाला. खुर्चीच्या बिजागऱ्यांना. आणि सहाच्या सहा चेंडूंना!

दुपारी पोरींनी नारळ फोडला, पूजा झाली, उत्साहात दोन टप्पे टाकायला म्हणून चेंडू उचलला तर आरतीच्या हातातून सुळकन निसटून सरांच्या पोटात. दुसरा घेतला, तोही तसाच. जया म्हणाली, “सर, चेंडूला घाम आलाय.” अजिनाथ मान खाली घालून उभा. “हत्याराला तेल लावत्यात ना म्याडम,” म्हणाला, “मंग हे पोरींचं हत्यारच की!”

सगळ्यांनी मिळून धुण्याची पावडर घेऊन चेंडू घासले. मी पण बाह्या वर करून बसले. झेंडूच्या पाकळ्या आणि फेस सगळीकडे. अंगद सर हसून हसून खाली बसले. वर्षातला सगळ्यात चांगला दिवस असेल हा.

६ ऑक्टोबर, सोमवार

शीटं आली. नवं पॅड, कोरा वास. अजिनाथला पुन्हा सगळं समजावलं, कारण तो मी तोंडानं सांगेन तो आकडा उलटतो आणि मी सांगेन ते पंचांच्या हातावरनं. पंचांनी दोन बोटं दाखवली तर दोन, तीन दाखवली तर तीन. तीनची बास्केट असली की खेळाडूच्या नंबरभोवती गोल करायचा. पहिला आणि तिसरा भाग लाल पेनानं, दुसरा आणि चौथा निळ्यानं. सामना संपला की बेरीज जुळवायची, मग मुख्य पंच सही करतात. सही झाली की झालं. चूक सापडली तर सहीच्या आधी सांगायची, नंतर ब्रह्मदेव आला तरी आकडा हलत नाही.

“म्हंजे तुमच्यावर हाय सगळं,” अजिनाथ म्हणाला.

माझ्यावर काही नाही रे बाबा. मी फक्त डोळे आणि हात. असं म्हटलं खरं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला सामना जिंकलो. ६१–३४. जया रिंगखाली २६! कुणाचं ऐकलं सरांनी? माझं तर नाही. तरी बरं वाटलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सेमीफायनल. श्रीरामपूर. तेच ज्यांनी एकोणीसनं हरवलं होतं. आठनं जिंकलो! आरतीनं शेवटच्या मिनिटात दोन चेंडू पळवले. टेबलाखाली माझे पाय आपोआप हलत होते, अजिनाथनं बघितलं आणि स्वतःच्या पिशवीनं झाकले. गुणी माणूस आहे.

उद्या फायनल. नगर. जयाचे आबा येणार आहेत, पहिल्यांदाच. हे पण येतो म्हणालेत! चोवीस वर्षांत ह्यांनी एक सामना बघितला नाही. म्हणे, “एवढं रोज ऐकतोय तर बघू तरी एकदा.”

११ ऑक्टोबर, शनिवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं शांत व्हायचं नाही.

मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या बाजूला पायरीवर हे, मोबाईल वर धरून. त्यांच्या शेजारी पांढरी टोपी, पांढरं धोतर, उंच, ताठ माणूस. न सांगता कळलं, हे रखमाजी. जयाची उंची कुठून आली ते दिसलं.

नगरच्या पोरी म्हणजे यंत्र. पहिला भाग त्यांचा, दुसरा आमचा. तिसऱ्या भागात आम्ही पाचनं मागं असताना आरतीला दोघींनी कोंडलं, तिनं चेंडू मागं फेकला, जयाच्या हातात आला, जयानं टाकला आणि गेला! लोक उसळून टेबलासमोर आले. अजिनाथ ओरडला, “किती, म्याडम?” मी म्हटलं, “तीन.” लिहिलं. लोकांना बाजूला केलं. खेळ पुढं गेला, मीही गेले.

शेवटचा भाग — नको. तो मी परत लिहूच शकत नाही. शेवटच्या नऊ सेकंदांत जयानं रिंगखालनं उडी मारून ठेवला तो चेंडू. हॉर्न वाजला. ५२–५१. आम्ही!

पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. अंगद सर कोर्टवर गुडघे टेकून बसले. पलीकडं रखमाजींनी टोपी काढून हातात घेतली होती. मी खाली मान घालून बेरीज करत होते आणि शीटवर पाणी पडू नये म्हणून डोळे मोठे करत होते.

आणि मग जयाच्या गुणांशी आले. दोन, दोन, एक, दोन… आणि लाल गोल. तिसऱ्या भागातला. जयाच्या नंबरभोवती गोल!

जया तीनचा टाकत नाही. तीन वर्षांत एकदाही मी तिच्या नंबरला गोल केलेला नाही. गोलावर बोट ठेवून नंबर परत वाचला. मी पंचांची बोटं बघितली होती का? आठवेना. लोक आठवले. अजिनाथचा आवाज आठवला. माझं “तीन” आठवलं. बोटं आठवेनात. मग ते तीन कुणी सांगितले? पंचांनी, का माझ्या मनानं? पाचनं मागं होतो. तीन हवे होते. मला हवे होते! दोन महिने या वहीत काय लिहितेय मी?

मुख्य पंच पेन काढून आले, नाशिकचे तरुण आहेत. म्हटलं, थांबा. सही करू नका. एक बास्केट तीनची लिहिली गेलीय, ती दोनची असावी.

ते म्हणाले, “मॅडम, नक्की?”

म्हटलं, ही मुलगी बाहेरून टाकत नाही. चोवीस वर्षं मी या टेबलावर आहे. माझ्याकडून झालंय.

त्यांना आठवेना. पन्नासएक बास्केट झाल्या, एकेक कशी आठवणार म्हणाले. दुसरे पंच त्या वेळी दुसऱ्या टोकाला होते. गुणफलक माझ्याच तोंडावर चालतो. दोन्ही कॅप्टनना बोलावलं. नगरची म्हणाली तिनं बघितलं नाही. जयाला विचारलं. ती धापा टाकत होती. माझ्याकडं बघितलं. मग खाली स्वतःच्या बुटांकडं.

“काकू म्हनतील ते,” म्हणाली.

५१–५१. अजिनाथनं आकडा उलटला तेव्हा मैदानात जो आवाज झाला तो मी जन्मात विसरणार नाही. माझ्या नावानं लोक काय काय ओरडले ते लिहीत नाही. आपलेच लोक. जादा पाच मिनिटं. पोरींच्या पायात जीव उरला नव्हता, एकदा जिंकून झालेल्या त्या. जया पाच फाउल होऊन बाहेर गेली तेव्हा एक मिनिट बाकी होतं. तिचा पाचवा फाउल मीच लिहिला.

५५–५८. पंचांनी सही केली. मी पेनांना टोपणं लावली.

१२ ऑक्टोबर, रविवार

वही उघडली. काही नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लायब्ररीत कुणी माझ्याकडं बघत नाही, किंवा सगळे बघतात. आरती पुस्तक परत करायला आली, काउंटरवर ठेवलं, पावती न घेता गेली. रोज “काकूऽऽ” करून ओरडणारी पोर.

अंगद सर आले. वर्तमानपत्र चाळल्यासारखं केलं आणि म्हणाले, “ताई, तुम्ही बरोबर केलंत.” पण माझ्याकडं बघून नाही म्हणाले.

जया दिसली नाही. हॉस्टेलवर आहे म्हणे. मला तिच्यासमोर जायचं धाडस नाही. दिवाळीनंतर पाहुणे येतील, चहा ठेवायला लावतील, आणि त्याचं कारण लाल पेन घेऊन इथं बसलंय. एक गुण! कुठल्या तोंडानं मी चोवीस वर्षं आशेच्या गप्पा मारल्या? पोरींची बाजू घ्यायची नाही, नाही म्हणता म्हणता त्यांच्या विरुद्ध जाऊन उभी राहिले.

ह्यांनी आज स्वतः पोहे केले. मीठ नव्हतं. मी तसेच खाल्ले. शेवटी म्हणाले, “मापात पाप केलं न्हाईस ना? मंग झालं तर.” मला रडू आलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

रखमाजी लायब्ररीत आले!

चपला दाराबाहेर काढल्या. नको नको म्हटलं तरी काढल्या. मागं जया, मान खाली. मी उभी राहिले. खुर्ची दिली तर टेकल्यासारखे बसले. चहा मागवला. म्हाताऱ्या माणसानं शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या असं ठरवून बसले होते मी.

म्हणाले, “म्याडम, मी त्या दिशी तितं हुतो. मला खेळातलं काय कळत न्हाई. पन येक गोष्ट कळली. समदं गाव तुमच्या अंगावर आलं तरी तुमी आपल्या पोरींचा गुन काढून दुसऱ्याला दिला.”

मी म्हटलं, दिला नाही, चूक होती ती दुरुस्त केली.

“त्येच म्हन्तोय. आमच्याकडं वजनकाट्यावर बसल्याला मानूस असा न्हाई भेटत. मी जन्मभर काट्याम्होरं हुबा हाय, मला इचारा.” मग जयाकडं न बघताच म्हणाले, “कप न्हाई आनला हिनं. मी बोल्लो हुतो कप आन. पन घरी जाऊन हिच्या आईला म्हनलो, जितं असली मानसं हायेत तितं पोरगी दोन वर्सं आनखी ऱ्हायली तर बिघडंल का सुधरंल? ती म्हनली, तुमी ठरवा. मी ठरावलं. शिकू द्या तिला. पाव्हन्याला मी सांगतो, थांबा म्हून.”

जयाचे खांदे हलत होते. मी टेबलावरची माणूस, मला भावना दाखवायची सवय नाही, पण भर लायब्ररीत पदर तोंडाला लावला. अजिनाथ चहा घेऊन आला तो तसाच दारात उभा राहिला.

जाताना रखमाजींनी हात जोडले. मी पण जोडले. या माणसाबद्दल मी जे जे लिहिलं ते खोडून टाकायला हवं, पण शीटवर काय किंवा वहीत काय, खोडाखोड मला आवडत नाही. असू दे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आरती आली. पावती न घेतल्याची पावती द्या म्हणाली. दिली. मग काउंटरवर अर्धा लाडू ठेवला. जयानं हॉस्टेलवर वाटले म्हणे, हिनं माझा अर्धा खाल्ला. “काकूऽऽ, पुढच्या वर्षी आपणच हं!”

पुढच्या वर्षी आरती कॅप्टन. पहिल्या वर्षाला दोन उंच पोरी आल्यात अकोल्याकडच्या, बघितल्यात मी. रिंगखाली ठेवल्या तर यंदासारखं नाही होणार. फक्त सरांनी झोन लावू नये.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

सकाळी चहा घेताना ह्यांनी मोबाईल पुढं केला. “तुझा सामना काढलाय मी. तुला बघायला जड जाईल म्हून दिला न्हवता.” नको म्हणत होते, तरी बघितलं. तिसरा भाग आला. जया. दोन्ही पाय रेषेच्या चांगले वीतभर बाहेर. आणि पंचांचा हात वर — तीन बोटं. स्पष्ट. माझं डोकं खाली, मी लिहितेय.

मोबाईल घेऊन तशीच स्टँडवर गेले. जया आज दिवाळीला घरी निघणार होती, पाथर्डीच्या गाडीत खिडकीशी बसली होती. म्हटलं, हे बघ. माझं चुकलं, तीनच होते. मी आबांना आत्ता फोन करते.

तिनं मोबाईल घेतलाच नाही.

“काकू, मला म्हाईत हुतं. पाय माझेच हुते ना.”

मग बोलली का नाहीस गं?

“एवढ्या लोकांम्होरं तुमाला खोटं पाडू व्हय?” ती म्हणाली. गाडी सुटली.